विश्लेषण : वाईन धोरण, वऱ्हाडची संत्री आणि पंजाबराव देशमुख... शेतीचे नियम कोणी ठरवायचे?

महाराष्ट्रात वाईनचा विषय निघाला की चर्चा दोनच रस्त्यांनी जाते. एक रस्ता नाशिकच्या द्राक्षबागांकडे आणि दुसरा दारूबंदीकडे. अमरावती-अकोल्यातला शेतकरी या चर्चेत फारसा कुठे दिसत नाही. शेतमालाचा बाजार नियमात बांधण्याचा देशातला सुरुवातीचा प्रयोग मात्र याच वऱ्हाडात झाला, आणि तो नियम शेतकऱ्याच्या हातात यावा म्हणून आयुष्य घालवणारा माणूसही इथलाच. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांची २७ डिसेंबरला जयंती असते. त्यानिमित्त त्यांचे आयुष्य एका वेगळ्या खिडकीतून पाहू.

हिवरखेडच्या संत्र्याचा वाईनशी काय संबंध?

हिवरखेड नावाची गावे वऱ्हाडात एकापेक्षा जास्त आहेत. एक अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, तर दुसरे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, ऐन संत्रापट्ट्यात. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सरकारने दिलेल्या कारणांत फक्त द्राक्षे नव्हती. इतर फळे, फुले, केळी आणि मधापासून वाईन तयार होते, त्या शेतकऱ्यालाही बाजार मिळेल, असा युक्तिवाद होता. निर्णयाला जोरदार विरोध झाला, लोकांकडून हरकती मागवण्यात आल्या आणि विषय तिथेच अडकला.

आता संत्र्याची तांत्रिक बाजू पाहा. वाईनची द्राक्षे साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, म्हणजे रसात वजनाने जवळपास तेवढे टक्के साखर असते. संत्र्याच्या रसात ती १० टक्क्यांच्या आसपास. एक लिटर रसातली सुमारे १७ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की १ टक्का अल्कोहोल तयार होते. या हिशेबाने संत्र्याच्या रसातून जेमतेम ६ टक्के अल्कोहोल मिळते. वाईनच्या नेहमीच्या ११-१२ टक्क्यांपर्यंत जायचे तर वरून साखर घालावी लागते. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की लिमोनिनमुळे कडवट होतो, ती अडचण वेगळीच.

म्हणजे संत्र्याच्या वाईनचे भवितव्य एका रुक्ष नियमावर टांगलेले आहे. बाहेरून किती साखर घातलेली चालेल? हा नियम ज्या टेबलावर ठरेल, तिथे मोर्शीचा किंवा तेल्हाऱ्याचा शेतकरी बसलेला असेल का? पंजाबरावांच्या आयुष्यभराचा प्रश्न हाच होता. त्यांच्या काळात पीक कापसाचे होते, एवढाच फरक.

पंजाबराव कोण होते?

जन्म २७ डिसेंबर १८९८, अमरावती जिल्ह्यातले पापळ. घर शेतकऱ्याचे, मूळ आडनाव कदम. शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे गावे बदलत झाले. त्यानंतर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिनबरो विद्यापीठाची पदवी, ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी, असे तिन्ही घेऊन १९२६ मध्ये परतले. डॉक्टरेटचा विषय शेती नव्हता, तर वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा परदेशात जाऊन वेदांवर प्रबंध लिहितो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

अमरावतीत त्यांनी वकिली सुरू केली. पण १९२७ या एका वर्षातली कामे पाहिली तर वकिलीला वेळ कधी मिळत असेल, हा प्रश्नच पडतो. अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठीच्या लढ्यात पुढाकार, सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय, ‘महाराष्ट्र केसरी’ हे पत्र आणि शेतकऱ्यांची संघटना. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

कारंजाच्या बाजारात काय घडले होते?

पंजाबराव ज्या कारंजात शिकले, ते गाव आज वाशिम जिल्ह्यात आहे. १८८६ मध्ये तिथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचीच नोंद होते. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचे आणि कारभाराला इंग्रजांचे होते. ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकुमाने हा बाजार चालू झाला. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला.

इंग्रजांना ही घाई का? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. रेल्वे आली. खामगाव, अकोला, अमरावती ही कापसाची मोठी ठाणी झाली. गिरणीला स्वच्छ, कोरडा आणि ठरल्या वजनाचा माल हवा होता. बाजारात मात्र अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, कडता अशा नावांखाली शेतकऱ्याच्या पैशातून कपात व्हायची आणि भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरायचा. कायद्याने दलाल आणि मापाऱ्यांना परवाने सक्तीचे केले, बेकायदा कपातींना बंदी घातली आणि बाजार समिती नेमली.

पण समितीवर वरचष्मा व्यापाऱ्यांचा होता. ज्याचा कापूस गाडीतून येत होता, त्याला तिथे आवाज नव्हता. कायदा मुळात गिरणीच्या गरजेतून आला होता. शेतकऱ्याचा फायदा झाला, नाही असे नाही, पण तो जाता जाता झालेला. शेतीच्या बहुतेक नियमांची जन्मकथा अशीच असते, असे मला वाटते. सुरुवात ग्राहकाच्या, व्यापाऱ्याच्या किंवा तिजोरीच्या गरजेने होते आणि शेतकऱ्याचे नाव प्रस्तावनेत येते.

कर्ज लवाद म्हणजे काय?

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणे ही त्यांची तिथली ठळक कामे. १९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले.

त्या वेळच्या मंत्रिपदाची गोम समजून घ्यायला हवी. १९१९ च्या कायद्याने प्रांतांचा कारभार दोन भागांत वाटला होता. जमीनमहसूल, पोलीस, अर्थ ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरकडे. शिक्षण, शेती, सहकार, आरोग्य आणि अबकारी ही ‘सोपीव’ खाती भारतीय मंत्र्यांकडे. म्हणजे खर्चाची खाती आपल्याकडे आणि त्यातले कमाईचे मोठे खाते कोणते, तर दारूचे. शाळा वाढवायची तर पैसा बऱ्याच अंशी अबकारीतूनच येणार. दारूबंदी की महसूल हा पेच महाराष्ट्राला आज पडलेला नाही. तो तेव्हाच पडला होता.

हा काळ जागतिक मंदीचा. कापसाचे भाव कोसळले, पण सावकाराच्या वहीतला आकडा काही कमी झाला नाही. मालकी हक्काची जमीन गहाण टाकता येत होती, विकता येत होती, त्यामुळे ती झपाट्याने हातून जात होती. या परिस्थितीत १९३३ चा मध्य प्रांताचा कर्ज लवाद कायदा आला. पंजाबरावांच्या नावाशी वऱ्हाडात आजही जोडला जातो तो हा कायदा.

त्याची रचना हुशारीची होती. कर्जमाफी नव्हती आणि सावकारबंदीही नव्हती. कर्जदार आणि सावकार या दोघांना लवाद मंडळापुढे बोलवायचे, मूळ कर्ज किती आणि व्याज किती हे तपासायचे, तडजोडीने रक्कम ठरवायची आणि हप्ते बांधून द्यायचे. एखाद्या सावकाराने वाजवी तडजोडही नाकारली, तर मंडळ कर्जदाराला तसा दाखला देई. तो दाखला असला की पुढे कोर्टात सावकाराला खटल्याचा खर्च मिळत नसे आणि दाखल्याच्या तारखेनंतर ६ टक्के सरळ व्याजापेक्षा जास्त व्याजही नाही. तडजोड सक्तीची नव्हती, पण ती नाकारणे महाग पडेल अशी सोय होती. इतर प्रांतांनीही पुढे असे कायदे केले.

याच सुमारास हिंदू देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकांच्या कामासाठी व्हावा यासाठी त्यांनी विधेयक आणले. त्यावर मोठा गदारोळ झाला. ते तडीस गेले नाही. १९३३ मध्येच ते मंत्रिपदावरून बाहेर पडले. दरम्यान १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली होती. मंत्रिपद गेले, संस्था वाढत राहिली. वऱ्हाडातल्या कुणब्या-माळ्यांच्या किती घरांतला पहिला पदवीधर याच संस्थेतून बाहेर पडला, याचा अंदाज प्रत्येक वऱ्हाडी वाचकाला स्वतःच्या नात्यागोत्यातून येईल.

वाईनचे नियम जगात कुठून आले?

इथे थोडे बाहेर जाऊ, कारण वाईनच्या कायद्याची गोष्टही कर्ज आणि पडलेल्या भावापासूनच सुरू होते. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या लँगडॉक भागात वाईनचे भाव इतके पडले की द्राक्ष उत्पादक कंगाल झाले. त्यांची तक्रार होती की बाजारात पाणी आणि साखर घालून वाढवलेली बनावट वाईन खपते आहे. मार्सेलिन अल्बेर नावाच्या एका लहान द्राक्ष उत्पादकाने हाक दिली. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखो लोक जमले. नार्बोनमध्ये सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली. एका पलटणीने तर बंडच केले. अखेर २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. प्रत्येक उत्पादकाने आपले उत्पादन जाहीर करायचे आणि वाईनमध्ये घालायच्या साखरेवर जादा कर. पुढे १९३५ मध्ये कोणत्या गावच्या वाईनला त्या गावचे नाव लावता येईल हे ठरवणारी राष्ट्रीय समिती झाली, तेव्हा तिच्यावर अधिकारी आणि व्यापारी यांच्याबरोबर उत्पादकही होते.

साखरेचा तोच प्रश्न संत्र्याला लागू करून पाहा. फ्रान्समध्ये साखर घालणे म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक ठरली. संत्र्याच्या बाबतीत साखर घातल्याशिवाय वाईनच होत नाही. एका पिकाचा न्याय्य नियम दुसऱ्या पिकाचा गळा आवळू शकतो. पीक घेणारा माणूस नियम करताना समोर का हवा, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

दिल्लीत पंजाबरावांनी काय केले?

१९४६ नंतर ते संविधान सभेत होते. मागासवर्गीयांना शिक्षण आणि नोकऱ्यांत वाटा मिळावा यासाठी तिथे आणि नंतरही ते आग्रही राहिले. संविधानात एकमेकांना लागून दोन अनुच्छेद आहेत. ४७ वा सांगतो, राज्याने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा. ४८ वा सांगतो, शेती आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने संघटित करावी. महाराष्ट्राचे वाईन धोरण या दोन अनुच्छेदांच्या मधल्या फटीत उभे आहे. शेती, बाजार आणि दारू हे तिन्ही विषय संविधानाने राज्यांकडे दिले. म्हणून आपल्याकडे एकीकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आणि दुसरीकडे विंचूर व पलूसला वाईन पार्क उभारणारे २००१ चे द्राक्ष प्रक्रिया धोरण, असे दोन्ही एकाच राज्यात नांदते.

१९५२ मध्ये पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर गेले. १९५७ आणि १९६२ मध्येही निवडून आले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात मंत्री होते. सोशल मीडियावर जयंतीला त्यांना देशाचे पहिले कृषिमंत्री म्हटले जाते. त्यात थोडी दुरुस्ती हवी. स्वातंत्र्यानंतर अन्न आणि कृषी खाते आधी राजेंद्र प्रसाद, मग जयरामदास दौलतराम आणि नंतर कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर रफी अहमद किडवाई अन्न व कृषी खात्याचे प्रमुख झाले आणि पंजाबरावांकडे कृषीचे काम आले. पुढे किडवाईंचे निधन झाले, अजितप्रसाद जैन आले, नंतर स. का. पाटील आले. वरचे मंत्री बदलत गेले, पंजाबराव तिथेच राहिले. माझ्या दृष्टीने पहिलेपणाच्या किताबापेक्षा हे टिकून राहणे जास्त बोलके आहे.

पण शेती राज्यांचा विषय असल्यावर दिल्लीतल्या कृषिमंत्र्याच्या हातात उरते काय? प्रचार, प्रात्यक्षिक आणि संघटन. पंजाबरावांनी नेमके तेच धरले. १९५३ मध्ये भातशेतीच्या जपानी पद्धतीची देशभर मोहीम निघाली. बियाण्यावर प्रक्रिया, ओळीत लावणी, मोजून खत. वऱ्हाडच्या कापूस-ज्वारीवाल्याला तिचा थेट उपयोग कमी, हेही खरे. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. कामगारांच्या संघटना आहेत, व्यापाऱ्यांचे चेंबर आहेत, मग शेतकऱ्याची पक्षांपलीकडची देशव्यापी संघटना का नाही, हा त्यामागचा विचार. याच संस्थेने डिसेंबर १९५९ ते फेब्रुवारी १९६० या काळात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर ११ डिसेंबर १९५९ ला तिथे आले होते. ज्यांनी जिल्ह्याबाहेरचे जग पाहिले नव्हते असे शेतकरी देशभरातून रेल्वेने ते पाहायला गेले.

या यशाला एक कडू बाजू आहे. प्रदर्शन संपून तीन महिने होत नाहीत तोच, मे १९६० मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात पीएल-४८० खाली धान्य आयातीचा प्रचंड करार झाला. भारताकडून सही केली ती पंजाबरावांच्याच खात्याचे प्रमुख स. का. पाटील यांनी. शहरांना स्वस्त गहू मिळाला. इथल्या गहू पिकवणाऱ्याला काय भाव मिळेल, हा प्रश्न मागे पडला. शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना होती आणि तिचा संस्थापक मंत्रीही होता, तरी भावाचा निर्णय तिच्या हातात नव्हता. संस्थापकच सरकारात असल्याने संघटनेला सरकारशी भांडणे जड गेले असावे, अशी टीका करता येते. ती मला रास्त वाटते.

मग वऱ्हाडला यातून काय घेता येईल?

नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांकडे बागायतदार संघ आहे. २००१ च्या धोरणात त्यांच्या पिकाचे नाव ठळक आले, याचे श्रेय मी त्या संघटित ताकदीलाही देईन. अर्थात तिथेही सगळे गोड नाही. वाईनची द्राक्षे वेगळ्या जातींची असतात आणि बरीचशी वाईनरीशी करार करून पिकवली जातात. खाण्याची द्राक्षे लावणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांना वाईन धोरणाचा थेट लाभ थोडाच. दारूच्या नियमांत संघटनेचे बळ आणखी एका ठिकाणी दिसते. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदानाने दारूचे दुकान बंद करू शकतात, ती ‘आडवी बाटली’ची तरतूद. ती महिलांच्या आंदोलनांतून आली. संत्र्याच्या बाजूने किंवा विरोधात, पण इतक्या जोराचा संघटित आवाज अजून ऐकू आलेला नाही.

१९६२ मध्ये पंजाबराव मंत्रिमंडळाबाहेर गेले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार समिती कायदा झाला आणि वऱ्हाडातले १९३२ व १९३५ चे जुने बाजार कायदे त्याने मोडीत काढले. या नव्या कायद्यात समितीवर शेतकऱ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना बहुमत होते. कारंजाच्या पहिल्या बाजारानंतर ७७ वर्षांनी. जानेवारी १९६५ मध्ये केंद्राने कृषी मूल्य आयोग नेमला, आजच्या हमीभावाची यंत्रणा त्यातून उभी राहिली. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत पंजाबरावांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव आहे.

संत्र्याचे म्हणाल तर २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला माल आवाराबाहेर कुठेही विकण्याची मोकळीक मिळाली. संत्रापट्ट्यात झाडावरचे फळ पाहून अख्खा बगीचाच व्यापाऱ्याला देण्याची पद्धत त्याआधीही होती आणि आजही आहे. तो सौदा होतो तिथे समिती नसते, मापारी नसतो आणि लवादही नसतो.